झिंजेरोनला आल्याचा वास का येत नाही?

प्रश्न : मी हौसेखातर घरी अत्तरे तयार करते. आल्याचा तिखट गंध हवा म्हणून वाशीतील एका दुकानातून ‘झिंजेरोन’ नावाचे फिकट स्फटिक आणले. ते आल्यापासून मिळते, असे दुकानदाराने सांगितले. वास मात्र व्हॅनिलासारखा गोडसर येतो. माझी फसवणूक झाली आहे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वासावरून तरी तसे दिसत नाही. झिंजेरोनचा गंध असाच गोड आणि मसालेदार असतो, कारण व्हॅनिलिनच्या रेणूचा जो गाभा, तोच त्याचाही आहे. लवंगेतील युजेनॉल आणि मिरचीतील कॅप्सेसिन हीदेखील त्याच कुळातली.

ताज्या आल्यात झिंजेरोन जवळजवळ नसतेच. तेथे तिखटपणा जिंजेरॉलचा असतो. आले शिजताना उष्णतेने या जिंजेरॉलचा रेणू तुटून झिंजेरोन तयार होते, तर आले वाळवून सुंठ केली की त्याच जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून जाऊन शोगाओल बनते, आणि म्हणूनच सुंठीची चिमूट ताज्या आल्याच्या चकतीपेक्षा जिभेला अधिक झोंबते. झिंजेरोन या दोघांहून पुष्कळ सौम्य आहे. तुम्ही शोधत आहात तो किसलेल्या आल्याचा, लिंबाच्या सालीकडे झुकणारा गंध सिट्राल, झिंजिबेरीन अशा उडून जाणाऱ्या घटकांचा असतो. त्यासाठी वाफेवर काढलेले आल्याचे तेल घ्यावे. मात्र जिंजेरॉल वाफेबरोबर येत नसल्याने त्या तेलात गंध असतो, झणका नसतो.

दुकानदाराचे विधान अर्धेच खरे आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोशी नोमुरा यांनी १९१७ मध्ये हा पदार्थ आल्यातून वेगळा करून त्याला नाव दिले. परंतु बाजारातले झिंजेरोन बहुधा व्हॅनिलिन आणि ॲसिटोन यांच्या संयोगातून, नंतर त्यात हायड्रोजन मिळवून तयार केलेले असते. रेणू तोच असल्याने अत्तराच्या दृष्टीने त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. नैसर्गिक म्हणून जादा किंमत घेतली असेल, तर मात्र त्याचा लेखी पुरावा अवश्य मागावा.

स्फटिक टाकून देऊ नका. आल्याचे तेल लवकर उडते आणि झिंजेरोन दीर्घकाळ टिकते, त्यामुळे चंदन किंवा गुलाबाच्या मिश्रणात वर तेल आणि तळाशी झिंजेरोन ठेवले, तर आल्याची ऊब बराच वेळ रेंगाळते. एक ग्रॅम स्फटिक नऊ ग्रॅम सुगंधी कामाच्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, कागदाची पट्टी त्यात बुडवून दुसऱ्या दिवशीही हुंगून पाहा आणि मगच प्रमाण ठरवा. स्फटिक थेट त्वचेला लावू नयेत. त्यांचा द्रवणांक सुमारे ४० अंश सेल्सिअस असल्याने ठाण्याच्या मे महिन्यात बाटलीत गोळा झालेला दिसला, तरी माल बिघडला असे समजू नये. घट्ट झाकण लावून ती सावलीत ठेवावी.