बायकांना एका वेळी चार कामं जमतात, पुरुषांना जमत नाहीत, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर म्हणतात, 'बायकांचा मेंदूच तसा असतो.' तसं काही नाही. 2019 साली जर्मनीत 48 स्त्रिया आणि 48 पुरुषांवर याचा प्रयोग झाला. अक्षर स्वर की व्यंजन आणि आकडा सम की विषम, हे कधी एकदम, कधी आलटून-पालटून ओळखायचं. दोन कामं एकत्र आल्यावर सगळ्यांचाच वेग मंदावला, चुका वाढल्या. स्त्री-पुरुषांत फरक निघाला नाही. 2013च्या एका ब्रिटिश अभ्यासात बायका जरा पुढे दिसल्या होत्या. पण तेवढ्याशा फरकावर अख्खं घर बायकोच्या डोक्यावर टाकता येत नाही.

बायकांना जमतं, कारण करावंच लागतं. 2019च्या भारत सरकारच्या पाहणीत, ज्या बायका आपल्या घरचं काम करत होत्या त्यांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, अशा पुरुषांची 97. आणि पुरुषांपैकी मुळात साधारण 26 टक्केच घरकामाला हात लावत होते.

डोक्यात चालतं ते तर या मिनिटांत धरलेलंच नाही. आमच्याकडे हे भाजी आणतात, भांडी घासतात, कुरकुर नाही. पण सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घ्या. पाकिटात दोनच उरल्यात, रविवारी मेडिकल बंद, चिठ्ठी जुनी झालीय म्हणजे आधी डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी, आणि त्या दिवशी सुट्टी कोण काढणार? ऑफिसात मीटिंग चालू असताना हे सगळं माझ्या डोक्यात फिरायचं. 'तू फक्त सांग, मी आणतो,' असं हे मनापासून म्हणायचे. पण वेळेवर आठवून सांगायचं, हेच तर खरं काम!

म्हणून कामं वाटताना तुकडे करू नका, अख्खं खातं द्या. आमच्याकडे सासूबाईंचं औषधपाणी आता पूर्ण यांच्याकडे आहे: गोळ्या, रिपोर्ट, तपासणीची तारीख, डॉक्टरांना फोन. हे रविवारी सकाळी डबीत आठवड्याच्या गोळ्या भरतात आणि काय संपत आलंय ते तेव्हाच बघतात. सुरुवातीला सासूबाई सवयीने मलाच विचारायच्या. मी त्यांना यांच्याकडे पाठवायचे. तुम्हीही तेवढं करा, आणि मधूनमधून 'आणल्यास का?' असं विचारायचं कटाक्षाने टाळा. नाहीतर लक्ष ठेवायचं काम तुमच्याकडेच राहील.