कपाटातला माल आणि स्टेटसवरची कमाई

प्रश्न : मी बार्शीत राहते. दहा महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या आग्रहावरून एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत (दुकानाऐवजी विक्रेत्यांमार्फत थेट ग्राहकांना माल विकणाऱ्या) आयडी लावला, म्हणजे विक्रेती म्हणून नाव नोंदवले. घरगुती स्वच्छतेची उत्पादने आणि आहारपूरक पावडर असा माल आहे. विक्रीवरचा नफा आणि कमिशन मिळून आजवर १४,२०० रुपये हाती आले. शिबिरांच्या प्रवासावर आणि प्रवेशिकांवर ४,५०० रुपये गेले आणि दरमहा पॉइंट (कंपनीने ठरवून दिलेले खरेदीचे गुण) पुरे करण्यासाठी घेतलेला १२,००० रुपयांचा माल अजून कपाटात आहे. आमच्या अपलाइन ताई (साखळीत माझ्या वरच्या विक्रेत्या) सांगतात की ऑनलाइन ‘पर्सनल ब्रँड’ उभा करा, रोज यशाचे स्टेटस ठेवा, कंपनीचे नाव लगेच सांगू नका. मी तसे केले, तर जावा-नणंदांनी माझे स्टेटस म्यूट केले. लोकांचा विश्वास बसेल अशी ओळख कशी निर्माण करावी?

उत्तर : तुम्ही आकडे स्वच्छपणे लिहिलेत, म्हणून उत्तराची सुरुवात त्यांच्यापासूनच करते. हाती आलेल्या १४,२०० रुपयांतून प्रवास-शिबिरांचा खर्च आणि पडून असलेल्या मालाची किंमत वजा केली, तर आज तुम्ही २,३०० रुपयांनी मागे आहात. कपाटातला माल विकला गेला तर चित्र बदलेल. पण तोवर ‘घरबसल्या आर्थिक स्वातंत्र्य’ असे स्टेटस ठेवणे म्हणजे जे घडलेले नाही ते घडले असे सांगणे होय. जावा-नणंदा तुमचे घर रोज पाहतात. त्यांना हा फरक सर्वांत आधी कळला आणि त्यांनी स्टेटस म्यूट केले, यात त्यांचा दुस्वास मला दिसत नाही. तेव्हा कमाईविषयीच्या सगळ्या पोस्ट आजच थांबवाव्यात. कोणी विचारलेच तर वर दिलेला हिशेब जसाच्या तसा सांगावा.

कंपनीचे नाव लपवण्याचा सल्ला तर अजिबात पाळू नये. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार, विक्रेत्याने बोलणे सुरू करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचे नाव, मालाचे स्वरूप आणि संपर्क साधण्याचा हेतू ग्राहकाने न विचारता स्पष्ट सांगायचा असतो. ‘एक छान संधी आहे, माहितीसाठी मेसेज करा’ ही पोस्ट या अपेक्षेच्या थेट विरुद्ध जाते. शिवाय ज्याला नाव ऐकल्यावर पुढे बोलायचे नसते, तो नाव उशिरा कळल्यावर तर नक्कीच बोलत नाही. तोवर त्याचा अर्धा तास आणि तुमचा शब्द मात्र खर्च झालेला असतो.

प्रोफाइलमध्ये तुमचे नाव, गाव आणि एक साधे वाक्य असावे : ‘मी अमुक कंपनीची विक्रेती आहे, माझ्याकडून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते.’ आर्थिक संबंध असताना मालाची भलामण करणाऱ्याने तो संबंध उघड करावा, ही अपेक्षा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. रँकचे (कंपनीने दिलेल्या पदाचे) नाव आणि मंचावरचे फोटो प्रोफाइलवर नसावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण रँक कंपनीची असते आणि उद्या कंपनी बदलली किंवा बंद पडली तर ती तुमच्याबरोबर येत नाही, तुमचे नाव मात्र त्याच गावात राहते.

मग लिहायचे काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि इथे तुमच्या हाती पुष्कळ आहे. तुमच्या भागात कितीतरी घरांत बोअरचे जड पाणी वापरले जाते. त्या पाण्यात तुमची कपड्यांची पावडर किती लागते, फेस होतो का, पांढऱ्या कपड्यांवर पिवळट छटा राहते का, हे दोन महिने स्वतः वापरून, फोटोंसह लिहावे. भांडी घासण्याच्या द्रवाची एक बाटली तुमच्या घरी नेमकी किती दिवस पुरली आणि रोजचा खर्च दुकानातल्या वडीच्या तुलनेत किती पडला, तेही मांडावे. वडी स्वस्त पडली तर तसेच लिहावे. तुम्ही एखादी वस्तू ‘घेऊ नका’ असे म्हणू शकता हे एकदा कळले, की तुमच्या ‘घ्या’ या शब्दाला वजन येते. कंपनीने पाठवलेला तयार व्हिडिओ तुमच्यासारखे शेकडो जण त्याच दिवशी पुढे पाठवत असतात आणि त्यात तुमचे असे काहीच नसते.

आहारपूरक पावडरीबाबत विशेष काळजी घ्यावी. अशा डब्यावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ अशी सूचना असते. ती ग्राहकाला आपणहून वाचून दाखवावी. ‘सासूबाईंची शुगर उतरली’ अशा स्वरूपाचे स्टेटस कधीही ठेवू नये. मधुमेहासह अनेक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. आणि कायद्याहून मोठी गोष्ट ही, की तुमच्यावर विश्वास ठेवून कोणी डॉक्टरांची गोळी बंद केली, तर ते नुकसान भरून काढता येत नाही.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचते. ही मर्यादा उपकारक माना आणि विचारल्याशिवाय कोणाला गटात जोडू नका. ग्राहकाचा अभिप्राय किंवा फोटो त्यांच्या परवानगीनेच वापरावा.

एक शेवटची तपासणी सुचवते. पुढचे वर्षभर एकही नवे जॉइनिंग (तुमच्यामार्फत नव्या विक्रेत्याची भरती) झाले नाही, तर केवळ ग्राहकांना माल विकून तुमच्या हाती काही उरेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पॉइंटसाठी मालखरेदी थांबवून अपलाइन ताईंशी स्पष्ट बोलावे. माणसे जोडण्यावरच पैसा फिरत असेल, तर ती पिरॅमिड योजना ठरते. तिला २०२१ च्या नियमांनी बंदी आहे आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ पासूनच कायदेशीर बंदी आहे.

प्रश्न : दोन वर्षांनी मी डायरेक्ट सेलिंगचे काम सोडले. माझ्या शब्दावर सहा जण आले होते. माझ्या जुन्या पोस्ट काढून टाकाव्यात का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आधी त्या सहा जणांना एकेकाला भेटा किंवा फोन करा. तुम्ही का सोडले, तुमचा एकूण हिशेब काय निघाला, हे त्यांना तुमच्या तोंडून कळले पाहिजे. पोस्ट नाहीशा झाल्यावर गावातल्या चर्चेतून नव्हे. कोणाकडे न विकलेला माल असेल, तर त्यांच्याबरोबर बसून करारातले मालपरतीचे कलम वाचा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज करायला मदत करा. असा अधिकारी नेमणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्यानंतर कमाईच्या आणि प्रकृतीच्या दाव्यांच्या पोस्ट काढाव्यात आणि ‘मी आता हे काम करत नाही, जुन्या पोस्ट पाहून कोणी निर्णय घेऊ नये’ अशी एक नोंद काही महिने प्रोफाइलवर ठेवावी.