टॉर्च टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलंय, आता काय?

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय २६, दुसरा महिना चालू आहे. मागच्या वर्षी एकदा मिसकॅरेज झालं म्हणून घरच्यांनी हट्टाने टॉर्च टेस्ट (आईकडून बाळाला होऊ शकणाऱ्या काही इन्फेक्शनची रक्ततपासणी) करायला लावली. त्यात सीएमव्ही (सायटोमेगालो नावाचा व्हायरस) आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, आकडा पण खूप मोठा आहे, ठळक छापलाय. आयजीएम निगेटिव्ह आहे. सासूबाई म्हणतात रक्तात इन्फेक्शन आहे, कोर्स कर आणि मिस्टरांची पण टेस्ट करा. मागचं यामुळेच झालं का हो? झोप लागत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, तो रिपोर्ट आधी फाइलमध्ये ठेवून दे बघू. आयजीजी म्हणजे हा व्हायरस कधीतरी तुझ्या अंगात शिरला होता याची रक्तात राहिलेली नोंद, म्हणजे अँटीबॉडी, बस एवढंच, आणि आपल्याकडे दहा बायकांची टेस्ट केली तर आठ-नऊ जणींची अशीच येते. लाळ, लघवी, आईचं दूध, शरीरसंबंध, क्वचित रक्तातून हा पसरतो आणि आपल्या घरात लहानपणी एकमेकांचं उष्टं खाल्लेलं असतंच की, तेव्हाच कधीतरी होऊन जातो, थोडा ताप आला तर आला नाहीतर कळत पण नाही. मग कांजिण्यांच्या व्हायरससारखा जन्मभर आत झोपून राहतो. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं अजिबात नाही.

ताजं इन्फेक्शन असतं तर बहुतेक आयजीएम पॉझिटिव्ह आलं असतं. पण ते सुद्धा कधी कधी महिनोन्‌महिने रेंगाळतं, कधी उगीचच पॉझिटिव्ह येतं, म्हणून तेव्हा अ‍ॅव्हिडिटी टेस्ट करतात. नव्या अँटीबॉडीची व्हायरसवरची पकड ढिली असते, तीन-चार महिन्यांनी घट्ट होते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच पकड घट्ट दिसली तर इन्फेक्शन दिवस राहायच्या आधीचं. तुला तीही नकोय.

मागचं मिसकॅरेज या आयजीजीवर ढकलू नकोस, सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांत तरी क्रोमोसोमचीच गडबड असते. कोर्स नको, मिस्टरांची टेस्ट तर नकोच नको (सासूबाईंना हा अंक वाचायला दे).

धोका अगदी शून्य नसतो, झोपलेला व्हायरस जागा होऊ शकतो किंवा दुसऱ्या जातीचा येऊ शकतो. गरोदरपणात पहिल्यांदाच झालं तर साधारण तीनात एका बाळापर्यंत पोचतो, तुझ्यासारखीला शंभरात एखाद्या. घरात दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर त्याचं उष्टं खाऊ नकोस, ओठांची पापी नको, त्याचं शू-शी काढल्यावर साबणाने हात धू, एवढं पुरे. पुढे बाळाबद्दल शंका आलीच तर जन्मापासून २१ दिवसांच्या आत लघवी किंवा लाळेची टेस्ट करतात, आणि कानाची तपासणी तशी सगळ्याच बाळांची करून घ्यावी.

आणि हो, त्याच कागदावर रुबेलाचं (जर्मन गोवर) आयजीजी बघ. ते पॉझिटिव्ह असेल तर चांगलंच, नसेल तर लस बाळंतपणानंतर घे, आत्ता नाही.