चोर्ला घाट चढताना जुनी फोक्सवॅगन बीटल (मागे, हवेने थंड होणारं इंजिन असलेली गाडी) तापते; इंजिनाभोवतीचं रबर सील कसं बसवावं?

इंजिनाचा पंखा वरची थंड हवा ओढतो; सील ती खालच्या हवेपासून वेगळी ठेवतं. सील फाटलं की खालची, सायलेंसरजवळची गरम हवाच पुन्हा वर येते.

शक्यतो इंजिन उतरवूनच बसवा. वरून कोंबणं म्हणजे बोटं सोलून घेणं. बॉडीची खाच वायर ब्रशने घासा, गंज काढून रंग द्या. बेळगावच्या पावसात हे टाळू नका. सील साबणपाण्याने सरकवा, ग्रीस नको, रबर फुगतं. ताणू तर मुळीच नका, नंतर आखडून टोकाला फट पडते. सेंटीमीटरभर जास्त ठेवून शेवटी कापा.

इंजिन चढवताना इंजिनाभोवतीच्या पत्र्याची कड सीलच्या दोन ओठांमध्येच यायला हवी. चारही स्पार्क प्लगच्या वायरी पत्र्यातून जातात तिथली रबरंही तपासा.