तूर घरात आली की आई-बाबांना काशीला न्यायचं आहे. दर्शनाशिवाय काय बघावं?

फेब्रुवारीत जा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात, पावसाळ्यात घाटच पाण्याखाली. नागपूरहून रेल्वे आहे.

पहाटे नावेत बसा अन् नावाड्याला भोसले घाट दाखवायला सांगा. आपल्या नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला. दगडी भिंत नुसती सरळ चढत गेलेली, खिडक्या पार वरती. विश्वनाथाचं सध्याचं देऊळही अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमारास उभारलेलं. पायऱ्या उंच आहेत, बाबांचे गुडघे सांभाळा.

सारनाथ सुमारे १० किलोमीटर. राजमुद्रेवरचे सिंह तिथल्या संग्रहालयात आहेत. शुक्रवारी ते बंद असतं. वेळ उरला तर १९१६ साली स्थापन झालेल्या हिंदू विद्यापीठात भारत कला भवन बघा, लघुचित्रांसाठी. आणि पूजेची दक्षिणा बसायच्या आधीच ठरवा, नंतर घासाघीस होत नाही.