उन्हाने पोळलेल्या पाठीवर घरी काय करावे?

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. गेल्या रविवारी मसूर काढण्यासाठी आम्ही सगळे शिवारात गेलो होतो. वारा गार होता, म्हणून त्याने शर्ट काढून बांधावर ठेवला आणि सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत नुसत्या बनियनवर वाकून मसूर उपटला. घरी येईपर्यंत त्याला काहीच जाणवले नाही. रात्री मात्र मान आणि खांदे लालबुंद होऊन आग होऊ लागली, अंगाला चादरसुद्धा सहन होईना. सासूबाईंनी हळद घालून खोबरेल लावले, शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट लावायला सांगितली, दीर फ्रिजमधला बर्फ घेऊन आले. आज तिसरा दिवस आहे आणि उजव्या खांद्यावर वाटाण्याएवढे चार-पाच फोड दिसत आहेत. ते फोडावेत का? दवाखान्यात न्यावे का? आणि वारा इतका गार असताना ऊन बाधलेच कसे?
— एक भगिनी, येळ्ळूर, ता. बेळगाव

उत्तर : ताई, पत्रात तुमचा फोन क्रमांक होता, म्हणून तातडीचे तेवढे मी त्याच दिवशी तुम्हाला सांगितले. मसूर आणि हरभऱ्याच्या सुगीत हीच तक्रार अनेक घरांतून येते, त्यामुळे सविस्तर उत्तर येथे देत आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चूक तेथूनच होते. कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि हे किरण अंगाला जाणवत नाहीत. आपल्याला जाणवते ती उष्णता, आणि ती वारा पळवून नेतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. साधारणपणे दर 1000 मीटर उंचीला या किरणांची तीव्रता 10 टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे आपल्याकडे हवा थंड असली तरी ऊन सौम्य नसते. पातळ ढगांतूनही ते बरेचसे खाली येते. शिवाय मसूर उपटताना माणूस तासन्‌तास वाकलेला असतो, त्यामुळे चेहरा सावलीत राहतो आणि मान, खांदे व पाठीचा वरचा भाग थेट उन्हासमोर येतो. मुलाच्या पाठीवर बनियनच्या पट्ट्यांखालची कातडी नेहमीच्या रंगाची आणि पट्ट्यांच्या कडेपासून एकदम लाल, असे दिसत असेल. त्याला संध्याकाळपर्यंत काही वाटले नाही यातही नवल नाही. लाली तीन ते सहा तासांनी उमटू लागते आणि आग 12 ते 24 तासांत सर्वांत जास्त होते. सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही, असे आपल्याकडे अनेकजण मानतात, तेही खरे नाही. सावळी कातडी उशिरा भाजते, पण भाजते. तिच्यावर लाली कमी दिसते, म्हणून हात लावून गरमपणा आणि दुखरेपणा पाहावा लागतो.

आता उपचार. सर्वांत मोठे औषध पाणी आहे, आणि ते जितके लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. विहिरीचे किंवा नळाचे साधे गार पाणी दहा ते पंधरा मिनिटे अंगावरून वाहू द्यावे, किंवा जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा भिजवून, हलका पिळून पाठीवर पसरावा आणि तो गरम झाला की पुन्हा भिजवावा. पहिले दोन दिवस हे दिवसातून चार-पाच वेळा केले तरी चालते. पाणी मारताना अंगावर शहारे येऊ लागले तर थांबावे. बर्फ मात्र लावू नये. आधीच भाजलेल्या कातडीला बर्फाने आणखी इजा होते, आणि बधिरपणामुळे ती इजा त्या वेळी कळतही नाही. अंग पुसताना टॉवेल घासू नये, नुसता टेकवून पाणी टिपावे.

कातडी किंचित ओली असतानाच तिच्यावर कॅलामाइन लोशन किंवा वास नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. परसात कोरफड असेल, जिला आपले कन्नड शेजारी लोळेसर म्हणतात, तर तिचा गर लावण्यास माझी हरकत नाही, पण एक काळजी घ्यावी. पान कापले की कडेने पिवळसर चीक गळतो, आणि हा चीक कातडीला झोंबतो. म्हणून कापलेले पान दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून चीक गळू द्यावा, पान धुवावे, साल काढून आतला पारदर्शक गर तेवढा घ्यावा आणि आधी मनगटाजवळ थोडा लावून पाहावा. फोड आलेल्या किंवा फुटलेल्या जागी कोरफडसुद्धा नको.

सासूबाईंनी खोबरेल लावले ते मायेने, आणि त्यांना कोणी बोलू नये. परंतु पहिल्या एक-दोन दिवसांत गरम कातडीवर तेलाचा किंवा तुपाचा जाड थर दिल्यास आतली उष्णता कोंडली जाते. तेच खोबरेल आग थांबल्यानंतर, साल निघू लागते तेव्हा लावल्यास कोरडेपणा कमी करते, म्हणजे औषध चुकीचे नाही, वेळ चुकली. हळदीची भुकटी फोडांजवळ नको, कारण फोड फुटल्यास ती जखमेत जाते आणि तिच्या रंगाखाली लाली पसरते आहे की ओसरते आहे हे डॉक्टरांनाही दिसत नाही. टूथपेस्ट तर कोणत्याही भाजण्यावर लावू नये. आणि लिंबू कधीच चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर वेगळेच फोड येतात आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत.

दुखणे कमी होण्यासाठी तुमच्या मुलाच्या वयाला पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी पुरे. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त देऊ नयेत. आयब्युप्रोफेनने सूजही उतरते, पण ते जेवणानंतरच घ्यावे आणि पोटात व्रण असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गावात डेंग्यूची साथ असेल तर टाळावे. 16 वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. भाजलेल्या कातडीकडे शरीरातले पाणी ओढले जाते, म्हणून ताक, पेज, पाणी भरपूर द्यावे. तोंड कोरडे पडत असेल किंवा लघवी गडद होत असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पाकीट, आणि ते नसल्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. चमचा मोजूनच घ्यावा, मीठ अंदाजाने टाकू नये.

फोड फोडू नका. ताई, हे मी फोनवर तीनदा सांगितले आणि येथे पुन्हा लिहितो. फोडाची वरची कातडी ही निसर्गाने घातलेली पट्टी आहे. सुईने ती टोचली की शिवारातली माती आणि जंतू यांना वाट मोकळी होते. आपोआप फुटल्यास साध्या साबणाने व स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, सुटी कातडी ओढू नये, व्हॅसलीनचा पातळ थर देऊन वर न चिकटणारे स्वच्छ गॉज ठेवावे आणि ते रोज बदलावे. राष्ट्रीय लसीकरणात 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात व घटसर्प यांवरची, लस असते. ती झाली आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात या निमित्ताने विचारून घ्यावे. चार-सहा दिवसांनी साल निघू लागेल. मुले ती आवडीने सोलतात. तेवढे करू देऊ नका.

वाटाण्याएवढे चार-पाच फोड घरी सांभाळता येतात. मात्र फोड पाठभर पसरले, चेहऱ्यावर आले किंवा डोळे दुखू लागले, फोडात पू झाला, भोवतीची लाली वाढत गेली, थंडी वाजून ताप आला किंवा एक वर्षाखालील बाळ भाजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, सारख्या उलट्या करू लागला, शुद्ध हरपू लागला, तर ते नुसते भाजणे नव्हे, ऊन लागणे आहे. कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत, वारा घालत 108 ला फोन करावा. तेथे मिनिटे मोलाची असतात, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पुढच्या रविवारी मुलाला शेतात न्यायचेच असेल तर पहाटे न्या आणि दहाला परत पाठवा. बरी होईपर्यंत पाठ पूर्ण झाकलेली हवी. एसपीएफ 30 चे, म्हणजे अतिनील किरण अडवणारे, क्रीम चांगलेच, पण घामाने ते निघून जाते आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. शेतात राबणाऱ्या घराला मी आधी जुना, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेवर येणारा कोरडा टॉवेल सांगेन. पातळ कापड भिजले की त्यातून किरण जास्त आत जातात, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझे वडील साठीचे आहेत. शेतात गेले की चेहरा आणि मान लाल होते व खूप खाज सुटते. आम्ही ऊन समजून कोरफड लावतो, पण वर्षभर हे थांबलेले नाही. — एक वाचक, निपाणी

उत्तर : वडिलांच्या पापण्या, कानांमागची जागा आणि हनुवटीखालचा भाग नीट पाहा. या जागा सावलीत असतात, त्यामुळे उन्हाने भाजलेल्या माणसात त्या बहुधा वाचतात. त्याही लाल आणि खाजऱ्या असतील, तर कारण बहुतेक बांधावरचे काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, आहे. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे गवत आता सर्वत्र आहे, आणि त्याची हवेत उडणारी कुसळे व परागकण कातडीला बाधतात. भाजलेली कातडी दुखते व आठवड्याभरात बरी होते; ही खाज शेतात गेले की परत येते. कोरफडीने ती जाणार नाही, आणि दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम तोंडावर महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, तोपर्यंत शेतातून आल्याबरोबर अंघोळ करून कपडे बदलायला सांगा, आणि गवत उपटण्याचे काम त्यांच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणी, हातमोजे घालून, फुलोरा येण्याआधी करावे.