केंद्र परदेशात, नोकऱ्या कुणाला?

प्रश्न : माझी मुलगी एका आयटी कंपनीत दोन वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. कंपनी पोलंडमध्ये नवं केंद्र काढून पाचशे नोकऱ्या देणार, असं पेपरात आलंय. तिकडे जायला मिळेल या आशेवर ती दुसरीकडची चांगली ऑफर नाकारायला निघाली आहे. काय सांगू तिला?
— एक आई

उत्तर : ताई, त्या पाचशे जागा बहुतेक तिथल्याच मुलांनी भरल्या जातील, हे तिला आधी सांगा. कंपनी तिकडे जाते ती भाषेसाठी आणि घड्याळासाठी. जर्मन ग्राहकाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या वेळेत बोलणारा माणूस हवा असतो. टीसीएसचं बुडापेस्टचं केंद्र तर २००१ पासूनचं आहे. आणि २०१७ मध्ये इन्फोसिसने अमेरिकेत दहा हजार जणांना घेण्याची घोषणा केली, तेव्हा ती भरतीही अमेरिकी कर्मचाऱ्यांची होती.

इथून माणसं जातात, नाही असं नाही. मीही गेले होते, पोलंडलाच, ट्रान्झिशनवर, म्हणजे इथलं काम तिकडच्या टीमच्या हाती सोपवायला, अकरा आठवडे. सकाळी नव्या मुलांना आमचं काम शिकवायचं, संध्याकाळी कुणाला काय उमगलं ते लिहून काढायचं. शेवटचे पंधरा दिवस ती मुलं ग्राहकाशी बोलायची आणि मी मागे बसून ऐकायचे. फार हुशार होती. त्यातल्या दोघी आजही मला मेल करतात. पण काम त्यांच्याकडे गेलं आणि मी परतल्यावर तीन महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसले. तेव्हा खूप रडले होते, म्हणून हे इतकं पोटतिडकीने लिहितेय.

आणि कंपनीने तिकडे पाठवलं तरी युरोपियन युनियनमध्ये कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर तज्ज्ञालाही जास्तीत जास्त तीनच वर्षं राहता येतं.

तिने मॅनेजरला सरळ विचारावं : ट्रान्झिशनच्या यादीत माझं नाव आहे का, किती आठवड्यांसाठी, आणि परतल्यावर कोणता प्रोजेक्ट? डेप्युटेशनआधी बॉण्डवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही घेणार असतील, तर त्याची मुदतही. उत्तर मेलवर घ्यावं. कॅन्टीनमधल्या आश्वासनाला अर्थ नसतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या केंद्राच्या जाहिराती असतील, त्यात भाषेची अट बघावी. जर्मन मागत असतील आणि तिला खरंच तिकडे राहायचं असेल, तर आजच क्लास लावावा. त्या वाटेने ती स्वतःच्या बळावर जाईल.

ऑफरची मुदत संपायच्या आत मेलचं उत्तर आलं नाही, तर तिने ती ऑफर घ्यावी.